सहावं नाव

“...आणि तो नसेलच, तर मग बुवा, तुम्ही रोज या वाती वळता तरी कुणासाठी?”

चारूने हा प्रश्न रिक्षातच घोळवून आणला होता. विचारताना डावी भुवई कशी उडवायची, तेही ठरवलं होतं.

दिगंबरबुवांनी कापूस चिमटीत धरला, गुडघ्यावर वळला आणि वात ताटलीत ठेवली.

“दिव्यासाठी,” ते म्हणाले.

भुवई उडायची राहूनच गेली.

नदीकाठच्या त्या लहानशा मठात चारू आठ वर्षांची असल्यापासून येत होती. मोठ्याने वाचायला तिला बुवांनीच शिकवलं. शब्द तोडू नये, ओळ संपताना आवाज पाडू नये. आता ती सेहेचाळीसची होती, शाळेत गणित शिकवत होती, आणि गेल्या तीन आठवड्यांपासून नास्तिक होती. नवी चप्पल करकरते ना, तसं ते नास्तिकपण अजून चालताना करकरत होतं. तिचं तिलाही ऐकू यायचं.

तिने पिशवीतून पुस्तक काढलं. रद्दीच्या दुकानात मिळालेलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं, देव नाही हे दोनशे पानांत सिद्ध करणारं. पहिल्याच पानावर कुणीतरी निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘वाचून झाल्यावर पुढे द्यावे. घरात ठेवू नये.’ खाली पाच वाचकांची नावं, पाच वेगवेगळ्या अक्षरांत. पाचवं चारूचं.

“सहावं तुमचं, बुवा.”

मठातल्या बुवांनाच नास्तिक करायचं! हा बेत तिला इतका आवडला होता की काल भाजी चिरताना ती दोनदा एकटीच हसली होती.

बुवांनी हात धोतराला पुसले. पुस्तक घेतलं, कपाळाला लावलं, मग उघडलं.

“अहो बुवा, नास्तिकांचं पुस्तक आहे ते!”

“असेना. पुस्तक आहे ना?”

पानांमधून एक मोरपीस डोकावलं. बुवांनी ते उचललं.

“हे कुठलं?”

“ते होय... खुणेला घातलं होतं. आईच्या पोथीतलं आहे. हाताशी तेच आलं.”

“आणि पोथीत मग खूण कसली ठेवलीस?”

चारूने पिशवीचा बंद उगाचच सरळ केला.

“पोथी बंद केलीय, बुवा.”

“कुणी?”

“मी. म्हणजे... काचबिंदूने आईचे डोळे गेले, तेव्हापासून मीच वाचून दाखवत होते ना. चार वर्षं. रोज संध्याकाळी. आता जे पटत नाही ते वाचायचं म्हणजे ढोंगच की! तिला तसं स्वच्छ सांगितलं मी.”

“काय म्हणाली?”

“काहीच नाही.”

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

“तीन आठवडे काहीच नाही बोललेली, बुवा. चहा हवा का विचारलं तर मान हलवते. संध्याकाळी सहा वाजले की मात्र भिंत चाचपत येते, आपल्या पाटावर बसते. अर्धा तास. मग उठून जाते...”

ओळ संपताना आवाज पडला. बुवांनी या खेपेला टोकलं नाही.

“कुठवर आलं होतं वाचन?”

“सतरावा अध्याय... नाही, अठरावा. बहुतेक.”

“आईला माहीत असेल.”

“हो. तिला माहीत असेल.”

बुवांनी पुस्तक मिटलं आणि तिच्याकडे सरकवलं.

“मी सातवा.”

“म्हणजे?”

“घरातलं माणूस उपाशी ठेवून बाहेर पंगत वाढू नये.”

“आईला? हे?” चारूला हसूच आलं. “बुवा, तिला दिसत नाही.”

“म्हणून तर तू चार वर्षं वाचून दाखवत होतीस ना?”

“वाचून दाखवायचं? देव नाही म्हणून? आईला? कानांवर हात ठेवील ती!”

“विचारलंस?”

चारूने विचारलं नव्हतं. ‘पुढे द्यावे’ म्हणजे दाराबाहेर, असंच ती धरून चालली होती.

“आणि नाव? नाव कसं लिहील ती?”

“अंगठा उठवील. नास्तिकांत चालत नाही का?”

“बुवा, थट्टा नको. भांडली म्हणजे?”

“म्हणजे बोलली.”

दोनशे पानांत याला उत्तर नव्हतं. चारूने सगळी वाचली होती.

“रोज एक प्रकरण,” बुवा म्हणाले. “तिच्याच वेळेला, तिच्या पाटासमोर बसून. मधेच सोडायचं नाही. शब्द तोडायचे नाहीत.”

“आणि पोथीचं काय?”

“ते तुम्ही दोघी बघा.”

त्यांनी मोरपीस तिच्या तळहातावर ठेवलं.

“हे जिथलं तिथे.”

मग ताटलीतली एक वात उचलली, पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात खुणेला घातली आणि पुस्तक मिटून तिच्या पिशवीत ठेवलं.

कापसाचं पांढरं टोक पानांतून बाहेर आलं होतं. चारू ते बघत राहिली. उठली, दारापर्यंत गेली, परत फिरली.

“बुवा, पण ही वात... म्हणजे आता दिवाही लावायचा का? मी?”

भुवई खरंच वर गेली होती, न ठरवता.

बुवांनी पुढचा कापूस चिमटीत घेतला.

“मग काय अंधारात वाचणार आहेस?”