नव्या सुनेची हाक

एका डोंगराच्या पायथ्याशी एक तळे होते. पक्षी तिथे चहूबाजूंनी उतरत. पण ‘तू थांब, आता तू ये’ असे सांगणारे तिथे कोणीच नव्हते. म्हणून, मुलांनो, जुन्या पक्ष्यांनी एक रीत घालून दिली होती. आधी तळ्याभोवती एक फेरी मारायची, आपण कुठे आहोत ते मोठ्याने सांगायचे आणि मगच उतरायचे.

त्या तळ्यावर एक बगळी लग्न होऊन आली. तिची सासू मोठी मानाची. “आपल्याच दारात शिरताना कोणी वर्दी देतं का?” असे म्हणून ती फेरी न मारता डोंगरावरून थेट खाली येई, तीही मुकाट्याने. सुनेला मात्र पहिल्याच दिवशी बजावण्यात आले होते, की नव्या नवरीने वर्षभर आवाज चढवायचा नाही. सून गप्प राहिली. पण गप्प बसणाऱ्याला दिसते फार. सासूबाई उतरताना मान ताठ करून समोर बघतात आणि आपल्या रुंद पंखांखाली काय आहे हे त्यांना कळतच नाही, एवढे तिने हेरले होते.

एके दिवशी ऊन कलले असताना सून तळ्याभोवती फेरी मारत होती. बघते तो काय, सासूबाई डोंगरावरून पाय लोंबकळत सोडून सरळ खाली येत आहेत आणि त्यांच्या बरोबर खाली एक बदक उडत त्याच जागी उतरायला चालले आहे. बदकाच्या चोचीत घरट्यासाठी लव्हाळ्याची काडी होती, म्हणून तेही काही बोलले नव्हते. वरच्याला खालचे दिसेना, खालच्याला वरचे. दोघांमधले अंतर झरझर कमी होऊ लागले. तिने हळूच “अहो सासूबाई” म्हणून पाहिले. ते वाऱ्यानेच ऐकले. आता बोलावे तर घराची रीत मोडते, न बोलावे तर सासू जाते. तिने मान ताणली आणि सारे तळे दणाणून सोडले, “सासूबाई, तुमच्या पोटाखाली बदक आहे, वर उठा! बदकभाऊ, तुम्ही डावीकडे वळा!”

सासू फडफडत वर उठली, बदक डावीकडे कलंडले. सासूच्या नखांना बदकाचे एक पीस तेवढे चिकटून आले.

मग दोघी किनाऱ्यावर उतरल्या. सासूने धापा टाकत ते पीस झटकले आणि विचारले, “एवढा आवाज कुठे ठेवला होतास गं?”

“माहेरी,” सून खाली मान घालून म्हणाली. “बरोबर आणायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं.”

दुसऱ्या दिवसापासून सासू तळ्याभोवती फेरी मारू लागली, ‘मी डोंगराच्या बाजूला आहे गं’ म्हणून ओरडू लागली आणि सुनेने लगेच ओ दिली नाही तर रागावूही लागली.

तात्पर्य : जिथे वाट दाखवणारा कोणी नसतो, तिथे प्रत्येकाने डोळे उघडे ठेवावेत आणि आपण कुठे आहोत ते सांगावे, आणि धोका दिसताच, मानापमान विसरून हाक मारावी.