लाल दाणे

फार पूर्वी, एका ग्रंथालयाच्या कपाटाखाली कुरतडी नावाची उंदरीण पिल्लांसह राहायची. एकदा कोपऱ्यात कुणीतरी लाल दाणे टाकले. पिल्लं उपाशी होती, पण ते दाणे बघून तिला धडकीच भरली.

फळीवरचं, नटीच्या फोटोचं गुळगुळीत मासिक म्हणालं, "खा गं बिनधास्त, गोड आहेत. माझ्यात रंगीत जाहिरात आलीय."

"कुणी खाऊन पाहिलेत?"

"असले नसते प्रश्न त्या थेरड्याला विचार."

थेरडं म्हणजे शेजारचं, एकही चित्र नसलेलं संशोधनाचं त्रैमासिक. ते खाकरलं. "याच दाण्यांवर माझ्यात लेख आहे. कुणी तपासलं, कसं तपासलं, ते लिहिलंय. छापण्याआधी दुसऱ्या जाणकारांनी पडताळलंय. ते खाणारा एकही उंदीर जगला नाही."

कुरतडी पिल्लांकडे वळली.

"आई," धाकटं तोंड पुसत म्हणालं, "मासिक खरं बोललं गं. गोडच आहेत."