नावेचा दोर आणि देशाचं काळीज

खूप जुन्या काळची ही गोष्ट. त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण तिथं जे घडलं ते लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी तर नक्कीच ऐकावं.

तिथल्या राजाच्या मनात एकदा आलं, आपल्या देशाचं काळीज नेमकं कुठं आहे? ते सापडलं तर तिथं उंच शिळा उभी करू. लोक येतील, डोकं टेकवतील.

मोजणीदारांचा प्रमुख म्हणाला, "सोपं आहे, महाराज. काळीज म्हणजे मधोमध. पश्चिमेच्या टोकापासून पूर्वेच्या टोकापर्यंत मोजायचं, त्याचं निम्मं करायचं. फक्त दोर लांब हवा."

राज्यातला सगळ्यात लांब दोर पश्चिमेच्या टोकाला, नदीकाठच्या एका गावात होता. तिथली नदी रुंद, आणि पाण्याला भारी ओढ. म्हणून या काठच्या चिंचेपासून त्या काठच्या उंबरापर्यंत अंबाडीचा जाड दोर बांधलेला असे. नावाडी तो दोर हातानं धरून नाव पलीकडे नेत. दरवर्षी घरटी एक पेंढी अंबाडी गोळा व्हायची आणि सगळं गाव बसून दोराचा झिजलेला भाग नव्यानं वळायचं.

मोजणीदार आले आणि दोर सोडू लागले. गावात दोन भाऊ नाव चालवत. धाकटा म्हणाला, "दादा, नेऊ देऊ नकोस. पावसाच्या आत हा परत येत नाही."

थोरला म्हणाला, "राजाचं काम आहे. दोन महिन्यांत आणतो म्हणालेत ना? तुझं डोकं उगाच तापतं."

दोन महिने गेले. पाऊस आला, नदी फुगली, दोर आला नाही. नवा वळावा तर अंबाडी अजून शेतात हिरवी होती.

पावसाळा सरता सरता पलीकडून हाक आली. एका मुलीला ताप चढला होता, आणि वैद्य या काठाला राहत होता. थोरला दोराशिवाय, नुसत्या बांबूनं नाव रेटत गेला. मुलीला घेऊन परत येताना मधल्या ओढीत नाव कलंडली. मुलगी फळीला धरून काठाला लागली. थोरला लागला नाही.

धाकट्यानं तीन दिवस काठ धुंडाळला. चौथ्या दिवशी तो राजाच्या गावाकडे निघाला.

आई म्हणाली, "बाळा, दोन घास खाऊन तरी जा."

"दोर आणल्याशिवाय मला घास उतरणार नाही, आई."

तो नऊ दिवस चालला. वाटेत कळलं, की शिळा मधल्या माळावर उभी राहिली आहे. तो तिकडे वळला. माळावर ही गर्दी! शिळेला दोराचे वेढे घातले होते आणि दोराला हळदकुंकू वाहिलं होतं. शेजारी राजा बसला होता.

धाकटा सरळ शिळेपाशी गेला.

प्रमुख ओरडला, "अरे ए! चिखलाचे पाय घेऊन कुठं निघालास?"

"आमचा दोर न्यायला आलोय."

"हा आता नावेचा दोर राहिला नाही. यानं देशाचं काळीज मोजलंय!"

"कधी मोजलंत?"

"पश्चिमेची बाजू उन्हाळ्यात, पूर्वेची भर पावसात. एक दिवस थांबलो नाही आम्ही."

धाकटा हसला. ते हसणं बरं नव्हतं. "अहो, अंबाडीचा दोर भिजला की आखडतो. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एक बाजू सुक्या दोरानं मोजलीत आणि दुसरी ओल्या दोरानं! तुमचं काळीज दोन-चार गावं तरी चुकलंय."

गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई! मग आम्ही कशापुढं डोकं टेकवत होतो?" लोक हसले.

राजाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "चूक झाली. दोर वाळवा आणि पुन्हा मोजा."

"पुन्हा?" धाकट्याचा आवाज फाटला. "महाराज, एकदा मोजलंत, त्यात माझा भाऊ गेला."

घडलं ते त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "नदी अजून उतरलेली नाही. पलीकडे तीस घरं आहेत. पायात काटा मोडला तर कळ काळजाला लागते. आमच्याकडं माणूस बुडाला आणि इथं कुणाला पत्ताही नाही. मग हे काळीज कसलं? हा तर नुसता दगड."

उत्तराची वाट न पाहता तो दोराचे वेढे सोडू लागला. शिपाई पुढं झाले. राजानं हात वर करून त्यांना थांबवलं.

दोर जड होता. दोन वेढे खांद्यावर घेताच धाकट्याचे गुडघे वाकले, तरी तो तिसऱ्याला हात घालत होता.

म्हातारी म्हणाली, "लेका, एकट्यानं नाही जायचा तो," आणि तिनं एक वेढा स्वतःच्या खांद्यावर घेतला. तिच्यामागं दुसरा माणूस आला, मग तिसरा. प्रमुखानं मोजणीची काठी खाली ठेवली आणि मान खाली घालून तोही आला. दोराचं शेवटचं टोक राजानं उचललं.

तो हळूच म्हणाला, "मला माफ कर."

"आधी दोर बांधू, महाराज. माफीचं मग बघू."

पुन्हा तेवढेच दिवस चालून सगळे नदीवर पोचले आणि दोर बांधला. पहिल्या नावेत राजा स्वतः दोर ओढायला उभा राहिला. त्याचे तळवे सोलून निघाले. मधल्या ओढीत पोचल्यावर त्यानं विचारलं, "इथंच का?"

धाकट्यानं मान डोलावली. राजानं हात जोडले. धाकटा पहिल्यांदा रडला, पण त्यानं दोर सोडला नाही.

पुन्हा मोजणी झालीच नाही. राजाच्या दरबारात त्यानंतर आधी कडेच्या गावांचं म्हणणं ऐकलं जाई, मग राजधानीचं. माळावरची शिळा अजून उभी आहे म्हणतात. गुरं तिला अंग घासतात.

तात्पर्य: देशाचं काळीज मोजून सापडत नाही, एका टोकाची कळ जिथं दुसऱ्याला लागते, तिथंच ते असतं.