न वाजणारी वेल

फार जुन्या काळी एका रानात म्हातारी जनावरं एकेकटी राहत. साळिंदर त्यांना औषधी मुळ्या देई आणि खार फळं पोचवी, पण त्या दोघांची गाठ क्वचितच पडे. एकदा म्हातारी हरिणी तापाने चार दिवस पडून होती. खारीला वाटलं साळिंदर तिच्याकडे गेलं असेल, साळिंदराला वाटलं खार गेली असेल. हरिणी एकटीच मेली.

सुगरण पक्षिणीच्या मनाला ते लागलं. तिने प्रत्येक दारात एक वेल बांधली. ती ओढली की टोकाच्या सुक्या शेंगा खुळखुळत आणि सगळ्या रानाला ऐकू जाई. तरीही त्या थंडीत म्हातारा ससा वेल न ओढताच मेला.

"आता दुप्पट शेंगा बांधते," सुगरण म्हणाली.

"आधी ओढत का नाहीत ते विचारून ये," कासव म्हणालं.

महिनाभर सुगरण दारोदार जाऊन ऐकत बसली. म्हातारी कोल्हीण खाली बघत म्हणाली, "बाई, आपलं दुखणं सगळ्या रानाला ऐकवायची लाज वाटते गं."

मग सगळ्यांना विचारून सुगरणीने शेंगा काढल्या. प्रत्येक वेल दारात आडवी बांधली आणि तिचं टोक, साळिंदर नि खार आता शेजारी राहू लागली होती त्या झाडाला नेऊन त्याला एक पीस बांधलं. सकाळी म्हातारं जनावर बाहेर पडलं की वेलीला धक्का लागून त्याचं पीस हले.

एके सकाळी कोल्हिणीचं पीस हललं नाही. दोघं मिळून तिच्या दारी गेली. ती तापाने फणफणली होती.

"मी तर कुणाला बोलावलं नव्हतं," ती पुटपुटली.

"म्हणूनच आलो," साळिंदर म्हणालं आणि मुळी उगाळायला बसलं.