टिकलूचं जाळं आणि टपटप गीझर

रेवाच्या न्हाणीघरात होता एक गीझर. गोल गोल, पांढरा पांढरा. मागच्या दिवाळीतच आणलेला.

गीझरखालच्या कोपऱ्यात राहायचा एक कोळी. टिकलीएवढा! म्हणून त्याचं नाव टिकलू.

टिकलूनं जाळं विणलं. आठ पायांनी विणलं. उपाशीपोटी विणलं. आता डास येणार, जाळ्यात बसणार, टिकलू जेवणार!

तेवढ्यात वरून पडलं पाणी. टप!

जाळं फाटलं. टिकलूनं पुन्हा विणलं. टप! पुन्हा फाटलं. डास गेला उडून, गुंऽगुं. झालं का आता! टिकलूला रडूच आलं.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिकलू गेला गीझरकडे.

"गीझरदादा, गीझरदादा, गळायचं थांब ना!
जाळं माझं टिकेना!"

गीझर म्हणाला, "कसा थांबू रे? दिवसभर तापतो मी. पोटात पांढरा क्षार साचलाय. पोटातली दांडी गंजानं खाल्लीय. काका मला उघडतील, तर मी थांबेन."

दाराशी बसले होते तांबोळीकाका. गीझर दुरुस्त करायला आलेले. एका हातात पाना, एका हातात चहा.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिकलू गेला काकांकडे.

"काका, काका, गीझर उघडा ना!
गीझर गळायचं थांबेना,
जाळं माझं टिकेना!"

काका म्हणाले, "लाल दिवा दिसतोय ना? चालू गीझरला हात लावत नसतात, बाळा. बटण बंद होईल, तर मी उघडीन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिकलू गेला बटणाकडे.

"बटणा, बटणा, बंद हो ना!
काका गीझर उघडेनात,
गीझर गळायचं थांबेना,
जाळं माझं टिकेना!"

बटण म्हणालं, "आपोआप कसं होऊ? चालू करतात सगळे, बंद करत नाही कुणी! आई मला दाबेल, तर मी बंद होईन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिकलू गेला आईकडे. आई कणीक मळत होती.

"आई, आई, बटण दाब ना!
बटण बंद होईना,
काका गीझर उघडेनात,
गीझर गळायचं थांबेना,
जाळं माझं टिकेना!"

आई म्हणाली, "अरे, या घरात एकाची आंघोळ झाली की दुसऱ्याची राहते! आजोबांची आंघोळ होईल, तर मी दाबीन."

तुरुतुरु, तुरुतुरु, टिकलू गेला आजोबांकडे. आजोबांच्या खांद्यावर पंचा.

"आजोबा, आजोबा, आंघोळ करा ना!
आई बटण दाबेना,
बटण बंद होईना,
काका गीझर उघडेनात,
गीझर गळायचं थांबेना,
जाळं माझं टिकेना!"

आजोबा म्हणाले, "आधी नात, मग आजोबा! रेवाची आंघोळ होईल, तर मी करीन."

रेवा कुठंय? रेवा टेबलाखाली! डोक्यावर फ्रॉक घेऊन बसलेली.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिकलू गेला रेवाकडे.

"रेवा, रेवा, आंघोळ कर ना!
आजोबा आंघोळ करेनात,
आई बटण दाबेना,
बटण बंद होईना,
काका गीझर उघडेनात,
गीझर गळायचं थांबेना,
जाळं माझं टिकेना!"

"नाही, जा!" रेवा म्हणाली. "तू मला झोका दाखव. तर मी करीन."

टिकलूनं आपल्या पोटाकडे बघितलं. पोटात एवढासाच धागा उरला होता. तो दिला, तर जाळं कशाचं विणायचं?

पण रेवा बघत होती. टिकलूनं टेबलाला धागा बांधला. आणि दिलं अंग सोडून!

झुंऽई! इकडे. झुंऽई! तिकडे. अगदी रेवाच्या नाकासमोर!

रेवा खुदकन हसली. टुणकन बाहेर आली. मग काय!

रेवानं आंघोळ केली, बदाबदा.

रेवाची झाली, म्हणून आजोबांनी केली, खळाखळा.

आजोबांची झाली, म्हणून आईनं बटण दाबलं. टिक!

बटण बंद झालं, म्हणून काका उठले. "निवू दे जरा," म्हणाले. गीझर निवला. मग पाना फिरला, कर्र कर्र. काकांनी क्षार काढला, परातभर! जुनी दांडी काढली, नवी घातली. नवं रबर लावलं.

"दिवसभर चालू ठेवता होय? म्हणून इतक्या लवकर गळायला लागला," काका म्हणाले.

"मी सत्तरीचा, आणि गळतो हा!" आजोबा म्हणाले.

गीझर थांबला. टप नाही, टिप नाही.

टिकलूनं जरा आराम केला. पोटात नवा धागा झाला. टिकलूनं जाळं विणलं. मोठ्ठं! छान!

तेवढ्यात आई आली. हातात झाडू! "अगं बाई, हे काय, जाळं?"

रेवा धावत आली. दोन्ही हात पसरून उभी राहिली. "नाही काढायचं! टिकलूचं आहे ते!"

आईनं रेवाकडे बघितलं. टिकलूकडे बघितलं. झाडू खाली ठेवला. "बरं बाई. हा कोपरा टिकलूचा."

गुंऽगुं, गुंऽगुं. डास आला. जाळ्यात बसला. टिकलू पोटभर जेवला.

आता शेवटची आंघोळ झाली की रेवा ओरडते, "बटऽऽण!" आणि आई धावत येते.

गीझर निवला,
टिकलू जेवला,
गोष्टीचा दिवा विझला.
टिक!