मोरी आणि रिकामे हात

लई जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की गावच्या वडाला तेव्हा एकच पारंबी होती, आणि तीसुद्धा अजून जमिनीला टेकली नव्हती.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. डोंगराच्या माथ्यावर सपाट पठार. भादव्यात त्या पठारावर बोटभर उंचीची निळी फुलं यायची. गावच्या बाया तीच फुलं गौरीला वाहायच्या.

मग कुणीतरी शहाणा म्हणाला, "गुरांच्या खुरांनी फुलं तुडवली जातात. वर गुरं नेऊ नका." लोकांनी ऐकलं. झालं काय, तर गवत कमरेएवढं माजलं आणि त्याच्या बुडाशी फुलं गुदमरून गेली. तीन वर्षं गौर फुलांवाचून बसली.

पाटलानं म्हाताऱ्या गुराख्याला, कोंडाजीला, विचारलं. कोंडाजी म्हणाला, "माजल्या गवताला औषध एकच. दात."

तेव्हा गावातल्या बारा भाकड गाई वर सोडायच्या ठरल्या. दूध आटलं होतं, पण तोंड तर चालत होतं. बारा घरांनी एकेक दिवस वाटून घेतला. मोल कुणी मागितलं नाही. ज्याची पाळी त्यानं वर जायचं, गाई मोजायच्या, खुरं बघायची, कुंडात पाणी आहे का बघायचं आणि खाली यायचं. कोंडाजीनं नेम एकच घातला. "जाताना हात रिकामे."

पाटलानं त्यावर आपलं सांगितलं. "गौरीपर्यंत फुलं दिसली, तर गाई मरेस्तोवर गावच्या. नाही दिसली, तर बाजाराला धाडू."

त्या बारांत मोरी होती. मोरी सारजाची. सारजा एकटी बाई; घरात वैरण नाही म्हणून तिनं मोरीला कळपात दिली होती. पहिल्याच पाळीला तिनं पदराखाली भाकरी लपवून नेली. एका भाकरीनं काय होतंय, तिला वाटलं. पण मोरीला दिली, तर बाकीच्या अकरा जणींनी माना पुढं केल्या. पुढच्या पाळीला सारजा टोपलं घेऊन गेली.

मग काय, तिची हाक आली की बाराही गाई पळत यायच्या.

शेजारच्या शेवंतानं तिला पाणवठ्यावर गाठलं. "सारजाक्का, गाईंना मंतर घातलास का गं? माझ्याकडं ढुंकून बघत नाहीत."

"माया घातली. दुसरं काय?"

"आमच्याकडं माया नाही होय?" शेवंता म्हणाली, आणि आपल्या पाळीला पेंड घेऊन गेली. तिचं बघून तिसरीनं गूळ नेला, चौथ्यानं हिरवा मका. बारा घरांत चढाओढ लागली. कोंडाजीचा नेम वाऱ्यावर गेला.

श्रावण अर्धा सरला, तेव्हा कोंडाजी काठी टेकत वर चढला. त्या दिवशी पाळी सारजाचीच होती. तो वाटेच्या तोंडाशी थांबला. "सारजे, तूच बघ."

बाराही गाई वाटेवर चिखलात उभ्या होत्या. नजरा खालच्या वाटेकडं, येणाऱ्या माणसाकडं. मागं अख्खं पठार गवतानं डुलत होतं. एक घासही कुणी तोडलेला नव्हता.

सारजाच्या हातातलं टोपलं खाली आलं. गौर तीन आठवड्यांवर आली होती. तिनं मोरीच्या गळ्याला हात घातला. "का गं बाई, चरत का नाहीस?"

त्या काळी गाई बोलायच्या. ऐकणारेही होते. मोरी म्हणाली, "चरायला मान खाली घालावी लागते. मान खाली घातली, तर तू येतेस ते दिसणार कसं?"

सारजा टोपलं उचलून तशीच खाली आली आणि पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "पहिली भाकरी माझी होती. आता कुणी काही नेऊ नका. नाहीतर माझी मोरी बाजाराला जाईल, तुमचीही जाईल."

शेवंता तोंड उघडणार होती, पण सारजाचे डोळे बघून तिनं घागर उचलली.

पुढची पाळी आली. सारजा रिकाम्या हातांनी वर गेली. मोरीनं पदर हुंगला, तळहात चाटला, दोनदा हंबरली. सारजानं गाई मोजल्या, पाणी बघितलं आणि पाठ फिरवून दगडावर बसली. बसणं अवघड होतं. बऱ्याच वेळानं पाठीमागं आवाज आला. गवत तुटल्याचा. चर्र, चर्र. सारजानं मागं वळून बघितलं नाही.

गौरी आल्या. पठार अर्धंच निळं झालं होतं. जिथवर गाई पोचल्या, तिथवर. पाटलानं ओंजळभर फुलं खुडली. म्हणाला, "उरलेलं पुढच्या साली. गाईंना राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सारजाची पाळी. मोरी लांब, गवताच्या कडेला होती. सारजा जवळून गेली, तरी तिनं मान वर केली नाही. सारजानं बारा मोजल्या आणि डोंगर उतरली.

"मोरीनं ओळखलं का गं?" शेवंतानं विचारलं.

"नाही बाई. तिला सवड नव्हती," सारजा म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

लेकरांनो, थोरांनो, गाठीला बांधून ठेवा : माया अशी करावी, की ज्याच्यावर केली त्याला आपली वाट बघत बसावं लागू नये.