पास्कीणबाय आणि पलीकडची तहान

खाडीवर पूल नव्हता, किनाऱ्याला रस्ता नव्हता, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. तिवरखोल गाव तेव्हाही इथंच होतं. चर्चशेजारी गोड्या पाण्याची एकच विहीर होती, आणि खाडीपलीकडे मिठागरं होती. मिठागरांत राबायला लांबून देशावरची माणसं यायची. त्यांचे देव वेगळे, बोली वेगळी. तिकडे गोडं पाणी नव्हतं. ते रोज इथून होडीनं जायचं.

ती होडी पास्कीणबाय चालवायची. बापामागं ती होडी तिच्याकडे आली होती. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि रागीट. तिनं आवाज चढवला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे, असं म्हणतात.

एका वर्षी मिठागरांत पटकीची साथ आली. गावाचा पाटील होता बस्त्याव. त्यानं होडीला साखळी घातली, कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. "इकडचं कुणी तिकडे जायचं नाही," तो म्हणाला, "आणि तिकडचं कुणी इकडे यायचं नाही." गाव हो म्हणालं. घाबरलेलं गाव पटकन हो म्हणतं.

मग पलीकडून हाका यायला लागल्या. "पाणी! पाणी द्या!" लोकांनी खाडीकडच्या खिडक्या लावून घेतल्या. हाका रोज थोड्या कमी व्हायच्या, आणि त्या का कमी होतात हे सगळ्यांना कळत होतं.

ते उपवासकाळाचे दिवस होते. फादर लांबच्या गावाहून कधीतरी यायचे, एरवी चर्चमध्ये बस्त्यावच शुभवर्तमान वाचायचा. आवाज भरदार होता त्याचा. एका सोमवारी वाचायला आलं शेवटच्या न्यायाचं शास्त्र. प्रभू डावीकडच्यांना, म्हणजे दोषी ठरलेल्यांना, सांगतो की मी तहानेला होतो आणि तुम्ही मला पाणी पाजलं नाही, ते. बस्त्यावनं ते फार सुंदर वाचलं. गाव मोठ्यानं आमेन म्हणालं.

त्या आमेननं पास्कीणबायच्या डोक्यात आग पेटली. ती उठून उभी राहिली.

"बस्त्याव, पुन्हा वाच."

"काय झालं?"

"तहानेचं पुन्हा वाच."

त्यानं वाचलं. ती खिडकीपाशी गेली आणि तिनं दोन्ही दारं धाडकन उघडली. खाडीवरून हाक आली, बारीक, फाटलेली.

"कोण ओरडतंय ते?" तिनं विचारलं.

"मिठागरातली माणसं."

"खोटं! कोण ओरडतंय ते आत्ता तूच वाचलंस. चावी दे."

बस्त्यावनं कमरेवर हात दाबला. "पास्कीण, माझा लेक याच रोगानं गेला. गावातलं दुसरं पोर मी जाऊ देणार नाही."

"तुझ्या लेकानं जाताना काय मागितलं होतं?"

बस्त्याव खाली बघून म्हणाला, "पाणी."

पण चावी त्यानं दिली नाही.

ती तशीच निघाली. विहिरीवर हंडे भरले, होडीत ठेवले आणि साखळीला हात घातला. साखळी तिच्या मुठीत लालभडक झाली आणि मेणासारखी तुटली, असं म्हणतात. तळहातांवरचे चट्टे मरेपर्यंत गेले नाहीत. काही जण म्हणतात, तिनं कुऱ्हाडीनं खुंट तोडला. मी साखळीचंच सांगतो, कारण तिचा राग तेवढा होता.

होडी निघाली आणि गाव काठावर आलं. हातात दगड होते. तेच हात घटकेपूर्वी जोडलेले होते! "आता परत येऊ नकोस," लोक ओरडले. तिनं मागं वळून बघितलं नाही.

पलीकडे झोपड्या-झोपड्यांतून तिनं पाणी पाजलं, घाण धुतली, ज्यांचे डोळे उघडे राहिले होते त्यांचे मिटले. दुपारपर्यंत हंडे कोरडे झाले. काठावर दगड घेऊन गाव उभंच. तेव्हा तिनं वल्हं उचललं आणि आभाळाकडे बघून ती देवावर ओरडली, "तहान लागली म्हणतोस ना? ही बघ, तुलाच लागलीय! त्यांनी दिलं नाही, माझ्याकडं संपलं. आता तू दे!" आणि तिनं वल्हं जमिनीत खुपसलं. त्या खाऱ्या चिखलातून पाणी उसळलं. गोडं पाणी. अंगणात पहाटे ठेवलेल्या माठासारखं गार, असं म्हणतात.

गावानं ते बघितलं. दगड एकेक करून खाली पडले. बस्त्याव कुणाशी न बोलता ओहोटीत उतरला आणि छातीपर्यंतच्या चिखलातून डोक्यावर हंडा घेऊन पलीकडे गेला. लोकांना वाटलं, आता ती हसेल, त्याला जवळ घेईल. ती म्हणाली, "उशीर केलास. हंडा ठेव आणि त्या म्हाताऱ्याचे पाय चोळ." त्यानं चोळले.

साथ ओसरल्यावर फादर आले. सगळं ऐकून म्हणाले, "पास्कीण, मोशेनंही असंच रागानं खडकावर काठी मारली होती. पाणी आलं, पण देवानं वचन दिलेला देश त्याला बंद झाला. तू कुमसार कर, पापाची कबुली दे."

"करीन फादर. पण आधी दगड उचलणाऱ्यांना बोलवा. त्यांची रांग संपली की मी येते."

"आणि देवानं तुला स्वर्गाचं दार बंद केलं तर?"

"बाहेर बसेन. तहानेली माणसं बाहेरच भेटतात."

फादरांनी झगा खोचला आणि हंडा मागितला.

पास्कीणबाय खूप म्हातारी होऊन गेली. राग शेवटपर्यंत तसाच होता. पण तिवरखोलात आजही उपवासकाळातल्या त्या सोमवारी वाचणारा तहानेपर्यंत वाचतो आणि पुस्तक मिटतो. आमेन कुणी म्हणत नाही. सगळं गाव हंडे भरून पलीकडे जातं. मिठागरात जो असेल तो, कुठल्याही देवाचा असो, आधी तो पितो. मग परत येऊन पुस्तक उघडतात.

आणि शास्त्र ऐकताना कुणाच्या डोळ्यांत पाणी आलंच, तर शेजारची म्हातारी त्याच्या हातात हंडा देते आणि दरडावते, "पास्कीण बघतेय. डोळे पूस आणि उचल."